इंग्लंडमध्ये ए-लेव्हलला फ्रेंच घ्यावे का? घरात कोणालाच फ्रेंच येत नाही

प्रश्न – थेम्सकाठ

नमस्कार. आम्ही गेली अकरा वर्षे इंग्लंडमध्ये रेडिंग येथे राहत आहोत. माझी मुलगी सध्या इयर ११ मध्ये शिकते आणि जीसीएसईची, म्हणजे सोळाव्या वर्षीची शालान्त परीक्षा झाल्यावर सप्टेंबरपासून तिचे सिक्स्थ फॉर्म, म्हणजे ए-लेव्हलची दोन वर्षे, सुरू होईल. तेथे ए-लेव्हलसाठी बहुतेक मुले तीनच विषय घेतात. गणित आणि रसायनशास्त्र हे दोन विषय तिने केव्हाच ठरवले होते. तिसरा विषय भौतिकशास्त्र असेल असे आम्ही गृहीत धरले होते, परंतु गेल्या आठवड्यात भरलेल्या अर्जात तिने फ्रेंच लिहिले.

तिची आवड वरवरची नाही, हे मला मान्य आहे. रात्री मी स्वयंपाकघर आवरत असते तेव्हा ती कानाला हेडफोन लावून फ्रेंच बातम्या ऐकत बसते आणि न कळलेला शब्द जसा ऐकू आला तसा वहीच्या समासात लिहून ठेवते. तो ती देवनागरीत लिहिते, कारण इंग्रजी अक्षरांत लिहिला की आपोआप इंग्रजीसारखा वाचला जातो, असे तिचे म्हणणे आहे. ती वही पाहिल्यापासून मला तिला नाही म्हणवत नाही.

तरीही काळजी वाटते. गणितात अडली तर मी किंवा तिचे बाबा तिच्याशेजारी बसू शकतो, पण फ्रेंचमध्ये आम्ही दोघेही कोरे आहोत. शाळेतील माहितीच्या संध्याकाळी शिक्षिका म्हणाल्या की पुढच्या वर्षी या विषयाला बहुधा चारच विद्यार्थी असतील. जीसीएसई आणि ए-लेव्हल यांच्यात फ्रेंचइतके मोठे अंतर दुसऱ्या कोणत्याही विषयात नसते, असे एका ओळखीच्या पालकांनी सांगितले. नाशिकहून माझे सासरे दर रविवारी फोनवर विचारतात की हे शिकून पुढे काय करणार, आणि त्यांना द्यायला माझ्याकडे नीट उत्तर नाही. हे अंतर नेमके कशाचे आहे, आणि फ्रेंच न येणाऱ्या घराला त्यात काही मदत करता येते का, हे ज्यांनी शिकवले किंवा शिकले आहे त्यांच्याकडून समजून घ्यायचे आहे.

उत्तर १ – खडू_फळा

थेम्सकाठ ताई, मी मूळची साताऱ्याची. गेली एकोणीस वर्षे इंग्लंडच्या मिडलँड्स भागात माध्यमिक शाळेत फ्रेंच शिकवते आणि त्यांपैकी चौदा वर्षे ए-लेव्हलचा वर्ग माझ्याकडे आहे. तुमच्या ओळखीच्या पालकांनी सांगितलेले खरे आहे. मात्र ते अंतर कशाचे आहे हे कळले की त्याची भीती बरीच कमी होते.

जीसीएसईच्या नव्या अभ्यासक्रमात वरच्या स्तरासाठी शब्दांची ठरावीक यादी आहे, साधारण १,७०० शब्दांची. परीक्षा त्या यादीभोवती फिरते आणि विषयही घर, शाळा, सुट्टी, आरोग्य असे ओळखीचे असतात. ए-लेव्हलला अशी यादीच नाही. व्याकरणात काय यायला हवे ते लिहून दिलेले असते, पण शब्द जिथून मिळतील तिथून गोळा करायचे असतात. शिवाय विषय एकदम मोठ्या माणसांचे होतात. आमच्या शाळेत एक्यूए या परीक्षा मंडळाचा अभ्यासक्रम आहे. त्यात बदलती कुटुंबपद्धती, स्वयंसेवी काम, समाजाच्या कडेला पडलेल्या लोकांचे जीवन, गुन्हेगारांना मिळणारी वागणूक, संप आणि निदर्शने, मतदानाचा हक्क, स्थलांतराचे राजकारण असे घटक आहेत. मे महिन्यापर्यंत 'मी कुटुंबासोबत समुद्रकिनाऱ्यावर गेले होते' एवढे बिनचूक सांगता आले म्हणून शाबासकी मिळवणारी मुलगी ऑक्टोबरमध्ये तुरुंगवासाने माणूस सुधारतो का, यावर फ्रेंचमध्ये मत मांडायला उभी राहते. तिच्याकडे मत असते, शब्द नसतात. सोळाव्या वर्षी आपले बोलणे सहा वर्षांच्या मुलासारखे ऐकू येते याचा हुशार मुलांना फार त्रास होतो. माझ्या वर्गात अश्रू येतात ते बहुतेक ऑक्टोबरच्या अर्ध्या सत्राच्या सुट्टीच्या आधीच्या आठवड्यात. नाताळपर्यंत जो टिकतो तो सहसा शेवटपर्यंत टिकतो.

परीक्षेची रचना सांगते, कारण मदत कुठे करता येईल ते त्यावरून कळते. आकडे एक्यूएचे आहेत. तुमच्या शाळेचे मंडळ वेगळे असेल तर तपशील थोडे बदलतील. पहिला पेपर अडीच तासांचा, १०० गुणांचा, आणि एकूण निकालात त्याचे वजन ५० टक्के. त्यात ऐकणे, वाचणे, सारांश लिहिणे आणि दोन्ही बाजूंचे भाषांतर असते. ध्वनिमुद्रण थांबवणे, मागे नेणे, पुन्हा ऐकणे हे प्रत्येक विद्यार्थ्याच्या स्वतःच्या हातात असते. दुसरा पेपर दोन तासांचा, ८० गुणांचा, वजन २० टक्के. त्यात नेमलेल्या दोन कलाकृतींवर, म्हणजे एक पुस्तक आणि एक चित्रपट किंवा दोन पुस्तके यांवर, फ्रेंचमध्ये सुमारे ३०० शब्दांचा एकेक निबंध लिहायचा असतो. तिसरी परीक्षा तोंडी, पाच मिनिटांची तयारी धरून २१ ते २३ मिनिटांची, ६० गुणांची, वजन ३० टक्के. तिच्या पहिल्या भागात दिलेल्या कार्डावर चर्चा होते आणि तिथे विद्यार्थ्यालाही परीक्षकांना प्रश्न विचारावे लागतात. दुसऱ्या भागात विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या संशोधनविषयावर दोन मिनिटे सादरीकरण आणि नंतर नऊ ते दहा मिनिटे प्रश्नोत्तरे होतात. शब्दकोश कोणत्याही भागात वापरता येत नाही.

दुसऱ्या पेपरला वजन सर्वांत कमी, तरी वर्गातला फार मोठा वेळ मी त्यालाच देते, आणि ते योग्यच आहे असे माझे मत आहे. एखाद्या पात्राने असे का केले असेल, यावर मुले जेव्हा एकमेकांशी वाद घालू लागतात तेव्हा त्यांना आपण फ्रेंच बोलत आहोत याचा विसर पडतो. तिथे कमावलेली वाक्ये पुढे तोंडी परीक्षेत आपोआप उतरतात.

आता घरच्या मदतीविषयी. तुम्हाला फ्रेंच येत नाही हे एका अर्थाने उपयोगाचेच आहे. मुलीने वाचलेला लेख किंवा ऐकलेली बातमी तिने पाच मिनिटांत तुम्हाला मराठीत समजावून सांगावी आणि तुम्ही एखाद्या जिज्ञासू माणसासारखे प्रश्न विचारावेत: हे कोणी म्हटले, का म्हटले, विरोधकांचे म्हणणे काय. ज्या मुलाला सारांश जमत नाही त्याला बहुधा मजकूरच पूर्ण कळलेला नसतो, आणि ते मराठीत सांगताना लगेच उघड होते. याचा आणखी एक फायदा आहे. सरळ इंग्रजीत भाषांतर करण्याची सवय लागलेली मुले दिसायला सारख्या शब्दांना फसतात. फ्रेंच 'आक्तुएलमाँ' म्हणजे 'सध्या', पण दर वर्षी कोणीतरी त्याचे इंग्रजी 'अ‍ॅक्चुअली' करतेच. 'साँसिब्ल' म्हणजे हळवा, संवेदनशील. त्याचे इंग्रजी 'सेन्सिबल', म्हणजे 'समंजस', होते. मराठीतून सांगायचे म्हटले की शब्दाच्या रूपाशी नव्हे, अर्थाशी गाठ पडते.

चार विद्यार्थ्यांच्या वर्गाची चिंता करू नका. इंग्लंडमध्ये २००४ पासून चौदा वर्षांनंतर परकीय भाषा सक्तीची राहिली नाही, तेव्हापासून वरच्या वर्गांपर्यंत येणारी मुले कमी होत गेली, आणि २०१९ मध्ये तर ए-लेव्हलला स्पॅनिश घेणाऱ्यांची संख्या फ्रेंच घेणाऱ्यांपेक्षा जास्त झाली. त्यामुळे लहान वर्ग आता नेहमीचेच आहेत. चार मुलांच्या वर्गात प्रत्येकाला रोज बोलावे लागते, आणि या विषयाला त्याहून मोठी देणगी नाही.

उत्तर २ – आप्रवासी_घाट

काकू, मी दोन वर्षांपूर्वी ए-लेव्हलला फ्रेंच, इतिहास आणि अर्थशास्त्र घेतले होते आणि सध्या विद्यापीठात फ्रेंच आणि अर्थशास्त्र एकत्र शिकत आहे. माझे मराठी शनिवारच्या मराठी शाळेतले आहे, त्यामुळे हे लेखन आईकडून तपासून घेतले आहे.

मला फक्त त्या संशोधनविषयाबद्दल लिहायचे आहे, कारण माझ्यासाठी या दोन वर्षांतला तो सर्वांत चांगला भाग होता आणि शाळेत त्याची ओळख फार उशिरा करून दिली जाते. विषय फ्रेंच बोलणाऱ्या कोणत्याही देशाशी किंवा समाजाशी संबंधित असावा लागतो. आमच्या वर्गातील बहुतेकांनी पॅरिसची फॅशन, फुटबॉल किंवा खाद्यसंस्कृती असे विषय घेतले. मी मॉरिशस घेतले, आणि त्याचे कारण घरातलेच होते. तिथे मराठी लोक आहेत, गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते, हे आजीने कधीतरी सांगितलेले माझ्या लक्षात राहिले होते.

शोधायला लागल्यावर कळले की हे बेट ब्रिटिशांनी १८१० मध्ये फ्रेंचांकडून जिंकून घेतले आणि १९६८ मध्ये ते स्वतंत्र झाले. म्हणजे १५८ वर्षे तिथे इंग्रजांचे राज्य होते, तरीही आज तिथली वर्तमानपत्रे प्रामुख्याने फ्रेंचमध्ये निघतात आणि घराघरांत फ्रेंचपासून घडलेली क्रिओल बोलली जाते. राज्यकर्ते बदलले आणि भाषा बदलली नाही, हे कसे घडले, हाच माझा प्रश्न ठरला. शरणागतीच्या वेळी तिथल्या रहिवाशांना त्यांचे कायदे आणि चालीरीती राखण्याची हमी मिळाली होती, जमीन आणि साखर कारखाने फ्रेंच वंशाच्या मळेवाल्यांकडेच राहिले, आणि १८३४ पासून भारतातून जे करारबद्ध मजूर पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरले त्यांना रोजच्या कामासाठी मळ्यावरचीच भाषा उचलावी लागली. तो धक्का म्हणजे आप्रवासी घाट. २००६ पासून तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्या मजुरांमध्ये रत्नागिरीकडची माणसेही होती.

तोंडी परीक्षेत मला विचारले गेले की मराठी मूळ असलेल्या मॉरिशसच्या तरुणाने फ्रेंचला आपली भाषा म्हणावे का. मी तयारी करून गेलेल्या उत्तरांमध्ये हे नव्हते. क्षणभर थांबले, आणि मग मी माझ्याच घराबद्दल बोलायला लागले, की आम्ही मराठी इंग्लंडमध्ये बोलतो आणि त्यामुळे इंग्रजी आम्हाला परकी होत नाही. व्याकरणाच्या दोन चुका मला बोलतानाच कळल्या, तरीही मी थांबले नाही. त्या भागात मला ३५ पैकी ३२ गुण मिळाले.

तुमच्या मुलीला सांगा की विषय असा निवडावा ज्याचे उत्तर तिला स्वतःला खरोखर हवे आहे, आणि शोध पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यातच सुरू करावा. दोन मिनिटांच्या सादरीकरणासाठी घड्याळ लावून बसण्याचे काम तुम्ही करू शकता. माझी आई रोज रात्री ते करत असे, आणि एकही शब्द न समजता ती मला सांगत असे की कोणत्या वाक्याला माझा आवाज डळमळतो. ते वाक्य बहुतेक वेळा मला नीट न समजलेलेच असायचे.

उत्तर ३ – कसबा_पेठ

मी पुण्यात तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात फ्रेंच शिकवून आता निवृत्त झालो आहे. आमच्याकडे अकरावी-बारावीला फ्रेंच घेणारी बरीच मुले गुण चांगले पडतात म्हणून घेतात आणि बारावीनंतर पुस्तक मिटवतात. म्हणून तुमच्या मुलीची ती देवनागरी समासांची वही वाचून मला मनापासून आनंद झाला. मुलीच्या घरची भाषा मराठी आहे, हा या विषयात केवढा मोठा आधार आहे, तेवढे सांगतो. इंग्रजीतून फ्रेंच शिकवणाऱ्या शिक्षकांना हे दिसणे अवघड असते.

इंग्रज मुलांना फ्रेंच भूतकाळात सर्वांत जास्त छळणारी गोष्ट म्हणजे क्रियापदाच्या रूपाने कोणाच्या लिंगाप्रमाणे बदलायचे. आता मराठीत पाहा. 'ती गेली', 'तो गेला': जाण्याच्या क्रियेत रूप कर्त्याप्रमाणे चालते. पण 'त्याने चिठ्ठी लिहिली', 'तिने निबंध लिहिला': इथे कर्ता बाजूला राहतो आणि रूप कर्माच्या मागे जाते. फ्रेंचमध्येही अशीच फूट आहे. जाणे, येणे, पोहोचणे, जन्मणे अशी काही क्रियापदे 'एत्र' या सहायक क्रियापदाबरोबर चालतात आणि त्यांचे रूप कर्त्याशी जुळते. बाकीची बहुतेक 'आव्हुआर'बरोबर चालतात, आणि त्यांचे रूप कर्माशी जुळते, मात्र कर्म क्रियापदाच्या आधी आले असेल तरच. 'मी चिठ्ठी लिहिली' हे 'जे एक्री ला लेत्र'. इथे कर्म नंतर आले, म्हणून 'एक्री' तसेच राहते. पण 'मी लिहिलेली चिठ्ठी' म्हणायचे झाले की 'ला लेत्र क जे एक्रीत'. चिठ्ठी आधी आली, ती स्त्रीलिंगी, म्हणून शेवटचा 'त' ऐकू येऊ लागतो. 'लिहिलेला निबंध' आणि 'लिहिलेली चिठ्ठी' यांतला फरक ज्या मुलीला विचार न करता कळतो, तिला हा नियम पाठ करावा लागत नाही. फक्त कर्म आधी की नंतर, एवढेच पाहावे लागते.

दुसरी गोष्ट 'सब्जाँक्तिफ' या क्रियापदाच्या प्रकाराची. इंग्रजीत तो जवळजवळ नाहीसा झाल्यामुळे मुलांना तो कशासाठी आहे हेच कळत नाही. मराठीत 'तू येतोस' आणि 'तू यावेस' ही दोन वेगळी रूपे आहेत. पहिल्यात घडणारी गोष्ट सांगितली जाते, दुसऱ्यात कोणाची तरी इच्छा किंवा अपेक्षा असते. 'तू यावेस अशी माझी इच्छा आहे' या वाक्यातील 'यावेस' जिथे बसते, तिथे फ्रेंचमध्ये सब्जाँक्तिफ बसतो. हे बोट सगळीकडे धरून चालता येत नाही. 'जरी तो आला तरी' असे आपण साध्या रूपात म्हणतो, पण फ्रेंच 'बियँ क'नंतर सब्जाँक्तिफच लागतो. 'आव्हाँ क' म्हणजे 'आधी' याच्यानंतर तो लागतो आणि 'आप्रे क' म्हणजे 'नंतर' याच्यानंतर लागत नाही. ही थोडी स्थळे वेगळी लिहून ठेवावीत.

लिंगाच्या बाबतीत मात्र मराठीवर विसंबू नये. लिंग असते ही जाणीव मराठी देते, कोणते ते देत नाही. आपला चंद्र तिकडे स्त्रीलिंगी आहे, समुद्रही स्त्रीलिंगी आहे, आणि आपले नपुंसकलिंग त्यांच्याकडे नाहीच. शब्द पाठ करताना पुल्लिंगी 'ल' किंवा स्त्रीलिंगी 'ला' लावूनच पाठ करावा.

आकड्यांनी ऐकण्याच्या परीक्षेत चांगली मुले अडखळतात. फ्रेंच माणूस सत्तरला साठ-दहा म्हणतो आणि ऐंशीला 'कात्र-व्हँ', म्हणजे शब्दशः चार वीस. सत्त्याण्णव म्हणजे चार वीस सतरा. हे ऐकून वर्गातली मुले हैराण होत, तेव्हा मी त्यांना माझ्या आजीची आठवण सांगत असे. भोर तालुक्यातल्या आमच्या घरी ती अंडी आणि गोवऱ्या विसांनीच मोजायची: 'तीन विसा आणि पाच', 'चार विसा'. तुमच्या सासऱ्यांनी त्यांच्या लहानपणी हे मोजणे नक्की ऐकले असेल. त्यांना फोनवर विचारा आणि नातीशी बोलू द्या.

ए-लेव्हल झाल्यानंतर तिला डेल्फ या फ्रेंच भाषेच्या प्रमाणपत्राची बी२ पातळीची परीक्षा देता येईल. चार कौशल्यांना प्रत्येकी २५ गुण, उत्तीर्ण व्हायला १०० पैकी ५० आणि प्रत्येक भागात किमान ५ गुण लागतात, आणि त्या प्रमाणपत्राला मुदत नसते. पुढे अभियांत्रिकी किंवा रसायनशास्त्र घेतले तरी ते हाताशी राहते. सासऱ्यांच्या प्रश्नाला हे एक उत्तर होऊ शकेल.

उत्तर ४ – कृष्णाकाठ

वरची सर्व उत्तरे मनापासूनची आहेत, परंतु एका पालकाचा वेगळा अनुभवही नोंदवला पाहिजे असे मला वाटते. माझ्या मुलाने तीन वर्षांपूर्वी ए-लेव्हलला फ्रेंच घेतले. शाळेने ए श्रेणीचा अंदाज दिला होता, प्रत्यक्षात बी मिळाली, आणि ज्या विद्यापीठाने तीन ए मागितले होते ते हातातून गेले. त्याच्या मेहनतीत कमतरता नव्हती.

दोन गोष्टी आम्हाला आधी माहीत असायला हव्या होत्या. पहिली, या परीक्षेला घरी फ्रेंच बोलणारी मुलेही बसतात आणि त्यामुळे इतरांना वरची श्रेणी मिळणे अवघड होऊ शकते. या परिणामाचा परीक्षा नियामक ऑफक्वालने अभ्यास केला होता आणि २०१७ च्या उन्हाळ्यात फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिशच्या ए श्रेणीच्या पातळीत थोडा बदलही केला होता. म्हणजे हा आमच्या मनाचा खेळ नव्हता. दुसरी गोष्ट आमच्या शाळेची, जिचे नाव मी घेत नाही. वर्गात तीनच मुले असल्यामुळे ठरलेल्या पाच तासांऐवजी आठवड्याला साडेतीन तासच शिकवले गेले, आणि दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत एक शिक्षिका सोडून गेल्यावर तोंडी सराव जवळजवळ बंद पडला. लहान वर्ग ही देणगी आहे हे मान्य, पण शाळेला तो परवडत नसेल तर पहिली कात्री त्याच वर्गाच्या तासांना लागते. ताई, अर्ज पक्का करण्यापूर्वी आठवड्याचे तास किती, शिक्षक किती, आणि तोंडी सराव कोण घेणार, हे तीन प्रश्न शाळेला अवश्य विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

उत्तर ५ – खडू_फळा

कृष्णाकाठ दादा, तुमच्या मुलाबाबत घडले ते वाईट झाले, आणि तुम्ही सुचवलेले तिन्ही प्रश्न रास्त आहेत. मी माझ्या उत्तरात ते लिहायला हवे होते. तोंडी परीक्षेचे वजन ३० टक्के असल्यामुळे समोरासमोर बोलण्याचा आठवड्याला किमान अर्धा तास प्रत्येक मुलाला मिळालाच पाहिजे. तो वर्गात मिळत नसेल तर दुसऱ्या वर्षात तरी बाहेरून सोय करावी लागते.

घरी फ्रेंच बोलणाऱ्या मुलांबद्दल एवढेच सांगते की त्यांचे ऐकणे आणि बोलणे सरस असले तरी निबंधात सगळीच पुढे असतात असे नाही. मराठी घरातल्या मुलाला मराठी निबंध आपोआप येत नाही, तसेच हे आहे. माझ्या वर्गात तीन वर्षांपूर्वी घरी फ्रेंच बोलणारा एक मुलगा होता. तो चित्रपटातील संवाद पहिल्याच फेरीत समजून घ्यायचा, पण दिग्दर्शकाने तो प्रसंग तसा का मांडला याचे कारण लिहायला त्याला इतरांइतकाच घाम गाळावा लागला.

थेम्सकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल शाळेत जाऊन आले. दर पंधरवड्याला नऊ तास आणि दोन शिक्षक, असे त्यांनी ईमेलने लिहून दिले आहे. बुधवारी दुपारी जवळच्या दुसऱ्या शाळेतील तीन मुले याच वर्गात येतील, त्यामुळे वर्ग सात जणांचा होईल. तोंडी सरावासाठी मात्र त्यांच्याकडे फ्रेंच साहाय्यक नाही. ती सोय आम्हालाच करावी लागेल, असे त्यांनी स्पष्ट सांगितले.

कसबा पेठ काका, तुमचे 'लिहिलेली चिठ्ठी' मी मुलीला वाचून दाखवले. ती दोनदा ते वाक्य मोठ्याने म्हणाली, मग वही आणून जुन्या चुका काढून बसली आणि अकरापैकी नऊ ठिकाणी तिला स्वतःलाच दुरुस्ती सापडली. रविवारी सासऱ्यांना विसांबद्दल विचारले. त्यांच्या आईचे मोजणे त्यांना पाठ होते. त्यानंतर आजोबा नाशिकहून आकडा सांगतात आणि नात फ्रेंचमध्ये परत सांगते, असा खेळ अर्धा तास चालला. पुढे काय करणार, हा प्रश्न या वेळी निघाला नाही.

अर्जात फ्रेंच कायम ठेवले आहे. शाळेने आल्बेर काम्यूंची १९४२ ची 'लेत्राँजे' ही कादंबरी आणि १९९५ चा 'ला एन' हा चित्रपट नेमला आहे. सप्टेंबरपूर्वी हे कितपत वाचून आणि पाहून ठेवावे?

उत्तर ६ – खडू_फळा

ताई, कादंबरीच्या पहिल्या भागातली पहिली दोन प्रकरणे तिने सुट्टीत फ्रेंचमध्ये वाचावीत, पुढे जाऊ नये. वाक्ये लहान आहेत. जुन्या कादंबऱ्यांत असतो तो खास लेखी भूतकाळ टाळून निवेदक प्रामुख्याने रोजच्या बोलण्यातलाच भूतकाळ वापरतो, म्हणून जीसीएसईच्या व्याकरणावरही तिला बरेच समजेल. त्यातील भूतकाळाची रूपे अधोरेखित करून 'गेली' प्रकारची आणि 'लिहिली' प्रकारची वेगवेगळी काढावीत. इंग्रजी भाषांतर आधी वाचू देऊ नका. एकदा ते डोक्यात बसले की फ्रेंच वाक्य कोणी नीट पाहत नाही.

चित्रपट सुट्टीत एकदा उपशीर्षकांसह पाहिला तरी चालेल, पण त्यातील हिंसा आणि शिवराळ भाषा लक्षात घेता तुम्हीही सोबत बसावे असे मी सुचवेन. त्यातील तरुण 'व्हेर्लाँ' बोलतात, म्हणजे शब्दाची अक्षरे उलटी फिरवून. 'फाम' म्हणजे बाई, तिचे 'मफ' होते. आपण लहानपणी मोठ्यांना कळू नये म्हणून 'च'च्या भाषेत 'पाणी'चे 'चणीपा' करायचो, तेवढे तिला आधी करून दाखवा, म्हणजे संवाद ऐकताना कान कुठे लावायचा हे तिला कळेल. आणि तोंडी सरावाची सोय लागेपर्यंत माझ्या वर्गातली दोन मुले शनिवारी सकाळी ऑनलाइन बोलायला बसतात. त्यांच्या पालकांना आणि तुमच्या शाळेला मान्य असेल तर सप्टेंबरपासून तिलाही त्यात घेता येईल. मला येथेच निरोप पाठवा.